मेंढरू न्हाय, शेरडू हाय

अकरावीच्या मुलांना 'बनगरवाडी'वर पॉडकास्ट करायला सांगण्यामागे माझा हेतू अजिबात शुद्ध नव्हता. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ही कादंबरी मी दरवर्षी जीव ओतून सांगतो आणि सगळं घंटेबरोबर हवेत विरतं. आता माझी वाणी रेकॉर्ड होऊन राहणार होती. प्रस्तावना माझी, समारोप माझा, मध्ये मुलांनी थोडंफार बोलायचं.

स्टुडिओ म्हणून प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली मिळाली. आवाज घुमू नये म्हणून मुलींनी घरच्या गोधड्या आणून भिंतींवर टांगल्या. पंख्याची घरघर माइकमध्ये येते, म्हणून मार्चच्या उकाड्यात पंखा बंद. त्या भट्टीत मी घाम पुसत माणदेश, औंध संस्थान आणि ग्रामीण साहित्याची परंपरा यांवर बोललो. मध्येच शिपायाने बाहेर बाकं ओढली. मी पुन्हा पहिल्यापासून बोललो.

दुसऱ्या दिवशी एडिटिंगवाल्या पोराने फाइल ऐकवली. माझं 'नमस्कार' तेवढं शिल्लक होतं.

"बाकीचं?"

"कट मारला, सर. लोक ऐकत नाहीत हो, पुढे ढकलतात."

वर्गात पुढे ढकलायचं बटण नसतं, या एका आधारावर माझी इतकी नोकरी झाली म्हणायची.

त्यातून उरलेला भाग चांगला निघाला, हे जास्त लागलं. कादंबरीतली अंजी चोळी शिवून आणायला गावच्या शाळामास्तरांकडे कापड देते आणि तिचा बाप, कारभारी, भलतंच मनात घेतो. हा प्रसंग मी 'गैरसमजातून निर्माण होणारे नाट्य' असं फळ्यावर लिहून उरकतो. शेवटच्या बाकावरच्या मुलीने मात्र कारभाऱ्याला थेट मुलाखतीला बसवलं. "मास्तरांवर रुसलात ते ठीक. अंजीला काही विचारलंत का?" कारभारी झालेला पोरगा चपापला. "थांब गं, बघतो," म्हणत पुस्तक चाळायला लागला. पानांची ती फडफडही त्यांनी तशीच ठेवली. माझ्या वर्गात हा आवाज फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी येतो.

मला काहीतरी काम द्यायला हवं म्हणून कुणालातरी दया आली. "सर, गाव मेंढपाळांचं, मागे मेंढरं ओरडायला हवीत. तुमचा आवाज जाड आहे." मी एम. ए., बी. एड. आहे. डोळे मिटले आणि ओरडलो. उपप्राचार्य दार उघडून बघून गेले, बोलले काहीच नाहीत.

एका मुलाचे आजोबा आटपाडीकडचे, उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. त्याने त्यांना फोनवर ऐकवलं. आजोबा म्हणाले, "ह्ये मेंढरू न्हाय, शेरडू हाय. आन् त्येबी आजारी." मग त्यांनी स्वतःच अस्सल आवाज काढून दाखवला आणि त्या ओघात १९७२च्या दुष्काळात कळप घेऊन चाऱ्यापाठी कसे हिंडले, ते सांगत सुटले. कादंबरीच्या शेवटी अशाच दुष्काळात गाव सोडून निघालेल्या माणसांवर माझ्या टिपणांची वही भरली आहे. पोरांनी ती मागितलीसुद्धा नाही. आजोबांचा आख्खा दुसरा भाग केला. त्यात एकही कट नाही.

सध्या माझ्याकडे पंख्याचं खातं आहे. रेकॉर्डिंग सुरू झालं की बंद, थांबलं की चालू. काल बटण दाबायला जरा उशीर झाला, तर गोधडीआडून कुणीतरी खेकसलं, "सर, लक्ष कुठे असतं तुमचं?"