मानसेवी खांदा

स्वयंसेवी दलाच्या गणवेशावर खांद्याला लागणारा तारा बाजारात साधारण तीन दर्जांचा मिळतो: साच्यात ठोकलेला पितळी, हलक्या मिश्रधातूवर मुलामा दिलेला आणि प्लास्टिकवर रुपेरी थर चढवलेला. कोणत्या खांद्यावर कोणता तारा चढणार, हे हुद्द्यावरून ठरत नाही. त्या हुद्द्याचा पगार मिळतो की नाही, यावरून ठरते. पोलीस निरीक्षकाचा तारा काळवंडला असला, त्याचे एखादे टोक वाकले असले, तरी समोरच्याला घाम फुटायचा तो फुटतोच. म्हणून निरीक्षक आपल्या ताऱ्याकडे फारसे पाहत नाही. ज्याला ताऱ्यापोटी दरमहा काहीच मिळत नाही, तो मात्र त्यात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत घासायचे थांबत नाही. हा दुसरा माणूस म्हणजे मानसेवी अधिकारी.

मानसेवी अधिकारी महाराष्ट्रात सगळीकडे आढळतो, पण वसई पूर्वेच्या गोखिवऱ्यात तो जास्त चांगला निरखता येतो. गोखिवरे, सातिवली, वालीव हा पट्टा औद्योगिक गाळ्यांचा. प्रेस, डाय, बफिंग, प्लेटिंग यांचा आवाज आणि वास इथल्या हवेतच आहे. त्यामुळे इथला मानसेवी आठवड्याचे सहा दिवस बहुधा कुठल्या तरी गाळ्यात सुपरवायझर असतो आणि धातूचा माल पारखणे हाच त्याचा धंदा असतो. गाळ्यात शेठ त्याला ‘अरे, इकडे ये’ म्हणून बोलावतो. रविवारी कवायतीच्या मैदानावर तोच पलटणनायक होतो आणि त्याच्या एका आरोळीसरशी रांगेतली माणसे टाच आपटतात. या दोन हाकांमधले अंतर भरून काढायला एक तारा पुरत नाही, म्हणून वरिष्ठ पलटणनायक होण्याची धडपड सुरू होते.

ज्या दलात तो हे करतो, ते गृहरक्षक दल, लोकांच्या तोंडी होमगार्ड, ६ डिसेंबर १९४६ रोजी तेव्हाच्या मुंबई प्रांतात उभे राहिले. दिवस दंगलींचे होते, प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई होते आणि पोलिसांना हाताशी नागरिक हवे होते. पुढच्याच वर्षी त्यासाठी मुंबई होमगार्ड कायदा झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने सर्वच राज्यांना अशी दले एका धर्तीवर उभारण्यास सांगितले. वरच्या टोकाला महासमादेशक आणि जिल्हा समादेशक ही पदे आज पोलीस अधिकाऱ्यांकडे असतात. त्याखाली जो मानसेवी मंडळींचा पसारा आहे, तो या लेखाचा विषय. दलाचे ब्रीद ‘निष्काम सेवा’ असे आहे आणि मानसेवी ते शब्दशः पाळतो. फळाची अपेक्षा तो करत नाही. ताऱ्याची करतो.

पैशांचा भाग लवकर आटोपतो. होमगार्डला वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही, नेमणूक तीन-तीन वर्षांनी नव्याने करून घ्यायची आणि बंदोबस्त लागला तर त्या दिवसाचे मानधन घ्यायचे. महाराष्ट्रात हे दैनिक मानधन ऑक्टोबर २०२४ मध्ये ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाले. त्या वाढीने ताऱ्यांची चकाकी कमी झाल्याचे दिसत नाही, त्यावरून ती वाढ अजून पुरेशी नसावी.

मानसेवीची ताराखरेदी हा स्वतंत्र अभ्यासाचा प्रकार आहे. वसईत गणवेश शिवून मिळतो, पण ताऱ्यासाठी तो लोकल पकडून थेट क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूची गणवेश-साहित्याची दुकाने गाठतो. दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, “पोलिसाचा की होमगार्डचा?” मानसेवीला हा प्रश्न लागतो. तो उत्तर देतो, “चांगला दाखवा.” डबा उघडल्यावर सुपरवायझर जागा होतो. तारा तळहातावर झेलून वजन पाहिले जाते. काउंटरच्या काचेवर टाकून आवाज ऐकला जातो, कारण पितळ खणखणते आणि प्लास्टिक टकटकते. मग पाचही टोकांवरून अंगठा फिरतो. साचा झिजलेला असेल तर कडेला बर, म्हणजे धातूची बोचरी कड, राहते आणि ती बोटाला लागते. प्लेटिंग घाईत उरकलेले असेल तर टोकांच्या बगलेत मुलामा पोचत नाही आणि तिथे आतला पिवळा रंग डोकावतो. गिऱ्हाइकांच्या तपासणीत स्वतःचा माल नापास होताना आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला इथे पहिल्यांदाच दुसऱ्याचा माल नापास करण्याची संधी मिळते, आणि ती तो दुपारपर्यंत पुरवतो. दुकानदारही सराईत असतो. तो शेवटी खालच्या कप्प्यातून आधीच्याच लॉटमधला एक तारा वेगळ्या पुडीतून काढतो, “हा बघा, ऑफिसर लोक नेतात,” म्हणतो आणि सौदा होतो.

गोखिवऱ्यात काहींनी यावरही मात केलेली असते. निकेलच्या टाकीत शेठच्या मालाची खेप बुडते, तेव्हा एका तारेला लटकलेले दोन जादा नग तिच्याबरोबर बुडून वर येतात. चलनावर त्यांची नोंद नसते. अशा ताऱ्यावर बाजारच्या ताऱ्यापेक्षा जाड मुलामा चढतो आणि त्याच्या मालकाला कवायतीत उन्हाकडे तोंड करून उभे राहायला आवडते.

ताऱ्याचा दर्जा दर्शनी बाजूवर दिसतो आणि मागच्या बाजूवर ठरतो. पट्टीत तो बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मागे आट्यांचा दांडा असतो आणि त्यावर गोल नट फिरतो. दुसरीत पत्र्याचे दोन पाय आरपार घालून दुमडायचे असतात. दुमडायचे पाय दोन-चार धुण्यांत तुटतात. आट्यांचा दांडा टिकतो, पण नट ढिला झाला की तारा जागच्या जागी फिरतो. पाच टोकांचा तारा ७२ अंशांनी फिरला तर ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ३६ अंशांनी फिरला की टोक खाली येऊन तो उलटा दिसतो आणि रांगेतल्या शेवटच्या पोराच्याही लक्षात येतो. म्हणून मानसेवी दर पाच मिनिटांनी उजवा हात डाव्या खांद्यावर नेतो. लांबून पाहणाऱ्याला वाटते, खांदा दुखतोय.

मूळ नट पहिल्या पावसाळ्यात हरवतो. त्याच्या जागी गाळ्यातला लोखंडी नट येतो, आणि मग खाकी पट्टीवर नारिंगी गंजाचा गोल डाग पडतो, जो कोणत्याही साबणाला दाद देत नाही. वसईचा पाऊस आणि दमट हवा यांपुढे तिन्ही दर्जांची वेगवेगळी परीक्षा होते. पितळेवर हिरवट थर चढतो, पण घासले की ते पुन्हा पितळ असते. मुलाम्याचा तारा दोन मोसम तग धरतो आणि मग टोकांकडून सोलत येतो. प्लास्टिकच्या ताऱ्याला पावसाचे वावडे नाही. तो इस्त्रीला दगावतो.

घासण्यासाठी ब्रासो हे सर्वमान्य द्रव्य आहे. घरातली वडीलधारी मंडळी चिंच किंवा पितांबरी सुचवतात, पण ज्या वस्तूने तांब्या-भांडी निघतात त्या वस्तूने हुद्दा घासणे मानसेवीला पटत नाही. ब्रासो पितळेला मानवते, मुलाम्याला नाही, कारण प्रत्येक घासणीत ते मुलाम्याचा पापुद्रा खरवडून नेते. सर्वांत प्रेमाने जपलेला मुलाम्याचा तारा सर्वांत आधी टकला होतो, तो याच कारणाने. शनिवारी रात्री वर्तमानपत्र पसरून हा विधी चालू असताना आतून एकच प्रतिक्रिया येते: “अहो, देवघरातली समई काळी पडलीय, तिच्या खांद्यावर पण एक तारा लावू का?” मानसेवी ऐकून न ऐकल्यासारखे करतो.

विणकामाचा, पट्टीवर सरकवून बसवायचा कापडी तारा हा या सगळ्यावरचा सोपा उपाय आहे. तो लोकलच्या गर्दीत दुसऱ्याच्या पिशवीच्या पट्ट्यात अडकत नाही, हरवत नाही, गंजत नाही. जगभरच्या सैन्यांनी कामाच्या कपड्यांवर तो कधीच स्वीकारला. मानसेवी त्याला हात लावत नाही. तो चमकत नाही, आणि न चमकणाऱ्या ताऱ्यासाठी रविवार घालवणारा माणूस गोखिवऱ्यात अजून जन्मायचा आहे.

ताऱ्याचा खरा उपयोग बंदोबस्ताच्या दिवशी होतो. महाशिवरात्रीला तुंगारेश्वराच्या वाटेवर, गणपती विसर्जनाला तलावाच्या काठी, निवडणुकीत मतदान केंद्राच्या दाराशी. खांदे वाचण्यात वसईचा रिक्षावाला तरबेज आहे: दोन तारे आणि पट्टीच्या टोकाला लाल-निळी फीत म्हणजे उपनिरीक्षक, तीन तारे आणि तीच फीत म्हणजे निरीक्षक, तीन तारे आणि फीत नाही म्हणजे सहायक आयुक्त, तेव्हा रिक्षा आपोआप रांगेत. फीत गेली की माणूस मोठा होतो, हे पोलीस खात्याचे गणित मानसेवीच्या पथ्यावर पडते. पट्टीवरची दलाची अक्षरे वाचायला रिक्षावाल्याला चार सेकंद लागतात आणि त्या चार सेकंदांत मानसेवी पूर्ण साहेब असतो. “साहेब, कुठल्या चौकीला?” असे कोणी विचारलेच, तर तो “बंदोबस्तावर” एवढेच सांगतो. हे उत्तर खोटे नाही.

पाचव्या सेकंदाला मात्र खरा उपनिरीक्षक येतो. त्याचा तारा कळकट, एक टोक बोथट, नट बहुधा नाहीच. तो आरशासारख्या चकचकीत खांद्याकडे न पाहता म्हणतो, “ए होमगार्ड, जरा तिकडची दोरी धर.” आणि मानसेवी दोरी धरतो. विसर्जनाच्या शेवटच्या मूर्तीपर्यंत, पहाट होईस्तोवर, भिजलेल्या बुटांत धरतो. गर्दी काठाशी लोटू देत नाही, हरवलेली पोरे आईकडे पोचवतो, आणि कुणी वाद घातला तर खांदा पुढे करतो. कामात त्याने कसूर केली असे सहसा ऐकू येत नाही. या माणसाला हसताना एवढी नोंद करावी लागते.

या जातीचे काही सख्खे-चुलत आहेत. शाळेतला आरएसपीचा, म्हणजे रस्ता सुरक्षा दलाचा शिक्षक हा सख्खा. त्याचे तारे विद्यार्थी मोजतात, म्हणून तो अधिक काळजी घेतो. चुलत म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा सिक्युरिटी सुपरवायझर. त्याच्या खांद्यावर पोलीस आयुक्तालाही परवडणार नाहीत इतके तारे असतात, वर दोरी, शिट्टी आणि कोणत्याही दलात नसलेले एक गरुडचिन्ह. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे पोलिसी किंवा लष्करी गणवेशाशी साम्य असलेला पोशाख सुरक्षारक्षकाला वर्ज्य आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मानसेवीला हे कलम तोंडपाठ असते. पण त्याचा आक्षेप मुळात कायदेशीर नसतो. तो गेटमधून आत जाताना सुपरवायझरच्या खांद्याकडे एक नजर टाकतो आणि बरोबरच्याला हळूच सांगतो, “प्लास्टिक आहे.”

स्वतःच्या बाबतीत तो कायद्याच्या कक्षेत नीट बसतो. लोकसेवकाचा पोशाख किंवा चिन्ह फसवणुकीच्या हेतूने वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. हौसेचा हेतू त्या कलमात कुठे सापडत नाही.

हौस ही काही इथलीच नव्हे. ब्रिटिश काळात वसईवरून जाणाऱ्या बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेच्या साहेब नोकरांची ‘ऑक्झिलरी फोर्स, इंडिया’ या स्वयंसेवी सैनिकी दलात आपली रेजिमेंट होती, त्या काळच्या खांद्यावरच्या पितळी अक्षरांमागे संग्राहक आज पैसे मोजतात. ज्या ब्रिटिश होमगार्डवरून आपल्या दलाने नाव घेतले, त्याची सुरुवात १४ मे १९४० रोजी अँथनी ईडन यांच्या रेडिओवरच्या आवाहनाने झाली आणि पहिल्या दिवसांत त्या स्वयंसेवकांच्या वाट्याला दंडावरच्या पट्टीपलीकडे फारसे काही आले नव्हते. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ मालिकेतला कॅप्टन मॅनरिंग हा हुद्द्याने फुगलेला बँक मॅनेजर याच दलातला. तो गोखिवऱ्याच्या गाळ्यात सुपरवायझर म्हणून सहज खपला असता.

नव्याने तारा मिळालेल्यांनी एवढे करावे. पितळीच घ्यावा, मागे आट्यांचा दांडा असलेला, आणि खरेदीच्या वेळीच पितळी नटांची एक जोडी जादा मागून घ्यावी. दुकानदार तिचे वेगळे पैसे सहसा लावत नाही. मुलाम्याचा घेतलाच तर कोरड्या फडक्याने पुसावा, ब्रासोची बाटली समईकडे द्यावी. आणि खरेदी गणपतीच्या निदान पंधरा दिवस आधी उरकावी, कारण बंदोबस्ताची यादी लागली की चांगला माल आधी संपतो आणि खालच्या कप्प्यात उरते ते प्लास्टिक.