दोन विरुद्ध एक

निवडणूक आयुक्तांची नेमणूक राष्ट्रपतींनी संसदेच्या कायद्याच्या अधीन राहून करावी, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४ मध्ये १९५० पासून नमूद आहे आणि तो कायदा संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये केला; मधल्या काळात जवळपास सर्वच पक्षांनी सत्ता भोगलेली असल्यामुळे या दिरंगाईबाबत कोणावरही पक्षपाताचा आरोप करता येत नाही.

घाईचे निमित्त सर्वोच्च न्यायालयाने पुरवले. कायदा होईपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणुका व्हाव्यात, असे मार्च २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितले, तेव्हा सात दशके न सुचलेला कायदा वर्ष सरण्याआधीच सुचला. समिती त्यातही तिघांचीच राहिली. फक्त सरन्यायाधीशांच्या खुर्चीवर पंतप्रधानांनी निवडलेला केंद्रीय मंत्री आला. परिणामी, पंतप्रधान आणि हा मंत्री यांच्यात मतभेद झाला तरच विरोधी सदस्याच्या मताला वजन येते, आणि असा मतभेद कितपत संभवतो हे मंत्रिमंडळाच्या अभ्यासकांना सांगावे लागत नाही. मार्च २०२४ च्या बैठकीचे विरोधी सदस्य अधीर रंजन चौधरी यांनी, २१२ नावांची यादी आदल्या रात्री आणि निवडक सहा नावे बैठकीच्या जेमतेम दहा मिनिटे आधी मिळाल्याचे सांगितले; निष्कर्ष ठरलेला असताना सदस्यांवर वाचनाचा भार न टाकण्याची ही काळजी प्रशासनात विरळाच दिसते.

या अंकगणिताचा उगम जुना आहे. मुख्य निवडणूक आयुक्ताला हटवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच बिकट प्रक्रिया, म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत, लागते, त्यामुळे टी. एन. शेषन आवरेनासे झाले तेव्हा १ ऑक्टोबर १९९३ रोजी सरकारने त्यांना न हटवता त्यांच्या शेजारी आणखी दोन आयुक्त बसवले, आणि जो काढता येत नाही त्याला निदान अल्पमतात आणता येते हे सिद्ध झाले. शेषन न्यायालयात गेले; न्यायालयाने १९९५ मध्ये ही रचना वैध ठरवली.

२०१९ मध्ये आचारसंहिताभंगाच्या तक्रारींवर आयुक्त अशोक लवासा यांनी वेगळे मत दिले आणि ते आदेशात नोंदवावे असा आग्रह धरला. असे मत फाइलीत राहील, आदेशात येणार नाही, असे आयोगाने ठरवले, तेही बहुमतानेच. मुख्य आयुक्तपदाच्या रांगेत पुढे असलेले लवासा २०२० मध्ये आशियाई विकास बँकेच्या उपाध्यक्षपदावर रुजू झाले.