जोडणीकर

मित्रांच्या प्रत्येक टोळक्यात एक जोडणीकर असतो. गेम कोणता खेळायचा हे बाकीचे ठरवतात. सगळ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना दिसले पाहिजेत ही जबाबदारी मात्र कुणी न सोपवता त्यानं घेतलेली असते. लोक त्याला गेमवेडा समजतात. माझ्या मते तो गेमवेडा अजिबात नाही, आणि पुरावा त्याच्याच वागण्यात सापडतो. १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ एकदाचा सुरू झाला की सगळ्यांत आधी ज्याचं गाव जळतं तो हा. मेंढ्या शोधायच्या सोडून तो दुसऱ्या खिडकीत पिंग, म्हणजे निरोप जाऊन-येऊन लागणारा वेळ, मोजत बसलेला असतो. हरल्याचं त्याला सोयरसुतक नसतं. चौघांपैकी एकाचा पिंग मध्येच का वाढला, याचं दुःख मात्र रात्रभर पुरतं.

त्याचा खरा खेळ समजायचा तर जुन्या गेमांचा भाबडेपणा ध्यानात घ्यायला हवा. लॅनवरचा गेम घरातल्या नेटवर्कमध्ये ‘कुणी आहे का?’ अशी हाळी देतो, आणि ही हाळी राउटरचा उंबरा ओलांडत नाही. त्यातून आपल्याकडे बरेचदा एकाच सार्वजनिक आयपीमागे कितीतरी घरं कोंबलेली असतात, म्हणजे बाहेरून थेट आत शिरायचीही सोय नाही. मग व्हीपीएन. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक खोटं नेटवर्क कार्ड बसवायचं आणि चिंचवड, सांगली नि मस्कत एकाच खोलीत आहेत अशी गेमची समजूत करून द्यायची. २००४ मध्ये आलेल्या हमाची या व्हीपीएन प्रोग्रॅमनं हे कसब सामान्य जोडणीकराच्या आवाक्यात आणलं. हमाचीचे पत्ते २५ नं सुरू होतात. हे सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते कागदोपत्री ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाचे. हमाचीनं २०१२ मध्ये तिथे परस्पर बिऱ्हाड थाटलं. थोडक्यात, सदाशिव पेठेतला मुलगा इंग्रजांच्या लष्करी सातबाऱ्यावर बसून तिरंदाज तयार करत असतो. १८१८ चा हिशेब एवढ्यानं फिटत नाही, पण सुरुवात म्हणून वाईट नाही.

कुणी म्हणेल, हा सगळा मिरवण्याचा सोस. पण मिरवायला समजणारा प्रेक्षक लागतो, आणि जोडणीकराचे मित्र ‘फायरवॉल बंद कर’ म्हटल्यावर ‘कुठलं बटण?’ विचारणारे असतात. जोडणी लागली की ती कुणी लावली हे विसरलं जातं. तुटली की शिवी नावानिशी येते. असल्या व्यवहारात नफा शोधणारा माणूस दुसऱ्याच दिवशी धंदा बदलेल. हा उलट कॅलिफोर्नियातल्या मित्रालाही ओढून आणतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते सॅन फ्रान्सिस्को सरळ रेषेत धरलं तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. हे त्याला तोंडपाठ असतं. तरीही तो त्या मित्राला राउटर बंद-चालू करायला लावतो, कारण निसर्गनियमाचीसुद्धा एकदा सेटिंग तपासलेली बरी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कंपन्यांचे सर्व्हर असताना हा उपद्व्याप कशाला? कारण ते सर्व्हर कंपनीच्या मर्जीवर चालतात. गेमस्पाय ही असली सर्व्हर-सेवा २०१४ मध्ये बंद झाली तेव्हा अनेक गेमांची ऑनलाइन सोय तिच्याबरोबर गेली. ज्यांत लॅनचा पर्याय होता, ते असल्या जुगाडावर तगले. अर्थात जोडणीकर गेमांचं जतन करायला निघालेला नसतो. तत्त्व त्याला नंतर सुचतं, आधी इन्स्टॉलर सुचतो. राहिला वेळेचा प्रश्न. अर्ध्या तासाच्या खेळासाठी दोन तास जोडाजोड, हा हिशेब चुकीचा नाही. फक्त जमेची बाजू मांडायची राहिली. गेम सुरू झाला की कॉलवर ‘मागे बघ, मागे!’ यापलीकडे वाक्य नसतं. कुणाची नोकरी गेली, कुणाचं जमतंय, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन कधी, हे सगळं डाउनलोडची निळी पट्टी सरकत असताना बाहेर येतं. एरवी फोन करून हे कुणी सांगितलं नसतं. ही मंडळी भेटतात ती जोडणीत, आणि नंतर सवयीनं खेळतात.

जोडणीकराला हे कळतं का, याबद्दल मला शंका आहे. पण चालू असलेलं नेटवर्क त्याला स्वस्थ बसू देत नाही, एवढं नक्की. हमाचीच्या फुकट योजनेत पाचच जण मावतात आणि टोळक्यात सहावा असतोच. हा सहावा त्याला प्राणापलीकडे प्रिय, कारण त्याच्या नावावर पाचही जणांना सगळं काढून झीरोटियर हा हमाचीसारखाच दुसरा प्रोग्रॅम बसवायला सांगता येतं. सहावा मुळात गेम खेळतो का, हे त्याला विचारायचं तेवढं राहून जातं.