वेळ वाचतो!

भावोजींकडे रविवारी जेवायला बोलावलं असेल तर मी घरून दोन पोळ्या खाऊनच निघतो. त्यांच्या स्वयंपाकघरात वेळ वाचवण्याचं काम सकाळी नऊला सुरू होतं आणि पानं मांडेपर्यंत अडीच वाजतात.

हे गृहस्थ तुमच्याही नात्यात असणारच. बँकेतून निवृत्त झालेले, नोकरीच्या काळात स्वयंपाकघराशी चहाच्या कपापलीकडे संबंध नसलेले, आणि साठीनंतर एकाएकी तिथे सुधारणा करायला घुसलेले. प्रदर्शन असो की तुळशीबाग, 'बारा कामं, एकच मशीन' असं ओरडणाऱ्या माणसापुढे पहिल्या रांगेत तेच उभे. तो विक्रेता खरा कलावंत असतो. गाजराचं फूल करतो, काकडीची लांबच लांब माळ न तोडता ओढतो. ही कला त्याच्या मनगटात आहे, पत्र्यात नाही, हे मी भावोजींना पुष्कळदा सांगितलं. ते ऐकून घेतात आणि दोन नग आणतात. एक माझ्यासाठी.

कांद्याचंच बघा. दोरी ओढली की आतलं पातं फिरतं, असा चॉपर आला. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून भावोजींनी कांदा चिरला. सात सेकंद! पण हे घड्याळ सुरू कधी होतं? कांदा सोलून, देठ काढून, विळीवर त्याच्या चार फोडी ताईने करून दिल्यावर. बंद कधी होतं? भांडं धुवायच्या आधी. मधल्या सात सेकंदांत तळाच्या कांद्याचा लगदा झाला, वरच्या फोडी जशाच्या तशा राहिल्या, आणि त्या दिवशी बशीत जे आलं ते पोहे आहेत, हे ताईला सांगावं लागलं. भावोजी मात्र खुशीत. "अगं, पण वेळ बघ किती वाचला!"

हा वाचलेला वेळ ते लिहून ठेवतात. बँकेतली खोड. जाड पुठ्ठ्याची खतावणी, मधे उभी रेघ, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. 'कांदा, साडेचार मिनिटं जमा.' 'लसूण, तीन मिनिटं जमा.' लसणाच्या त्या दाबणीच्या भोकांत निम्मा लसूण अडकून बसतो आणि तो टाचणीने उकरावा लागतो, याची नोंद कुठेच नाही. नावे बाजू कोरी करकरीत. मी विचारलं, "भावोजी, धुण्या-पुसण्याचा वेळ कुठे मांडलाय?"

ते शांतपणे म्हणाले, "तो हिच्या खात्यात."

मे महिन्यात कहर झाला. आंब्याची कोय काढायचं यंत्र आलं. मधे लांबट भोक, कडेला पाती. आंबा उभा धरायचा, वरून दाबायचं, म्हणजे कोय मधे आणि गर दोन बाजूंना. मोठ्या, टणक आंब्याला ते चालत असेल. इथे पिकून मऊ झालेला हापूस होता. भावोजींनी दोन्ही हातांनी भार टाकला. पाती कोयीला अडली, रस ओट्यावरून त्यांच्या लेंग्यावर आला. स्टॉपवॉच चालूच. वहीत नोंद झाली: 'आंबा, दोन मिनिटं जमा.' त्या मिनिटांत ओटा, फरशी आणि लेंगा धरलेला नव्हता.

रोटी मेकरबद्दल मी फार बोलणार नाही. त्यातून जे बाहेर पडलं त्याचे तुकडे करून ताईने आमटीत उकळले आणि वरणफळं म्हणून खपवले.

टीका केली की भावोजी इतिहास काढतात. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचं इंग्लंडमधलं पेटंट 1810 चं, पण डबा उघडायचं हत्यार आलं 1850 नंतर. मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी-हातोडा घेऊन डबे फोडत होते. "तेव्हाही तुझ्यासारखे म्हणाले असतील, छिन्नी आहे की!" मग मी जूसेरो काढतो. अमेरिकेतलं हे 400 डॉलरचं यंत्र खास पिशव्यांतून रस पिळून द्यायचं. त्या पिशव्या नुसत्या हातानेही पिळता येतात हे 2017 मध्ये बातमीदारांनी दाखवलं आणि त्याच वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला. भावोजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "हाताने पिळायला वेळ किती लागला?"

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे सुमीत मिक्सर. सीमेन्समधले इंजिनिअर माथूर यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर जळला, म्हणून त्यांनी 1960 च्या दशकात आपल्याकडच्या वाटणाला पुरून उरेल असा मिक्सर स्वतः घडवला. दुसरा एक्का सॅम फार्बर. पत्नीला संधिवात, बारीक दांड्याचं सोलाणं तिला धरवेना, म्हणून या अमेरिकन गृहस्थाने जाड रबरी मुठीचं सोलाणं काढलं आणि 1990 मध्ये 'ऑक्सो' नावाने बाजारात आणलं. "बघ, बायकांसाठी नवऱ्यांनी काय काय केलंय!"

सिंकपाशी ताई भोकांतला लसूण काढत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी आधी बायकोकडे बघितलं होतं. मग यंत्राकडे."

ताईचा उजवा अंगठा गेल्या पावसाळ्यापासून दुखत होता. टाचणी धरताना ती तो बाजूला ठेवते, हे मलाही तेव्हाच दिसलं.

पुढच्या रविवारी नवं यंत्र आलं नव्हतं. भावोजी साधी सुरी घेऊन ओट्याशी उभे होते. कांदा जाडाभरडा चिरला, डोळे पुसले, पुन्हा चिरला. जेवायला सव्वातीन वाजले. नंतर भांडी त्यांनीच घासली. कढईला तूप तसंच राहिलं, ते ताईने ते झोपल्यावर गुपचूप काढलं. मी खतावणी उघडून पाहिली. नावे बाजूला पहिल्यांदाच शाई लागली होती: 'भांडी, पंचवीस मिनिटं.' त्याखाली, 'मागील थकबाकी: हिशेब करणे आहे.' पुढे आकडा नव्हता. चौतीस वर्षांच्या संसाराचा हा हिशेब या जन्मी जुळायचा नाही, पण बँकेच्या माणसाने थकबाकी मान्य केली हे काही थोडं नाही. या माणसाबद्दल मला माया वाटते असं मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या वाचनात आलं तर मला आणखी एक चॉपर मिळेल.

तरी वाचकांपैकी कुणाला आंब्याची कोय काढायचं यंत्र, लसणाची दाबणी किंवा रोटी मेकर हवा असेल, तर ताईला कळवावं. भावोजींना कळवू नये. ते वापरून दाखवायला घरी येतात.