घट्ट पक्षाचे काका

मुंबईची नोकरी संपवून किहीमच्या वाडीत मुक्कामाला आलेल्या मंडळींत एक वल्ली हमखास सापडते. तिला समुद्राचं कौतुक नसतं, मासळीचं बेताचं असतं. पण जुन्या गाडीत कुठलं इंजिन ऑइल घालावं, हा विषय निघाला की ताटातली आमटी निवते. आपण त्यांना ऑइलकाका म्हणू. गावात दुसरं नाव कुणी घेतही नाही.

काकांची गाडी म्हणजे १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, त्या दिवशी काकांनी दाढी केली नाही. सकाळी पूजेआधी बॉनेट उघडतं. डिपस्टिक निघते, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली जाते, पुन्हा आत जाते, पुन्हा बाहेर येते. मग तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून काका पाकाची तार बघावी तशी ती बोटं हळूहळू लांब करतात. ‘उतरलंय,’ असा निकाल येतो. विचारलेलं कुणीच नसतं. सलीम अलींनी १९३० साली याच किहीमात सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं होतं. चिकाटी त्याच तोडीची, पक्षी तेवढा वेगळा.

काका घट्ट तेलाच्या पक्षाचे. घट्ट २०डब्ल्यू-५० च्या खाली उतरणं म्हणजे घराण्याला बट्टा. यात तथ्य नाही असं नाही. झिजलेल्या इंजिनात फटी वाढतात, तापल्यावर पातळ तेलाचा दाब पडतो, घट्ट तेल तग धरतं. जुन्या टॅपेटला तेलातलं जस्त लागतं. धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला ते मारक, म्हणून नव्या तेलांत ते कमी केलेलं असतं. एवढ्यावर थांबले असते तर काका तज्ज्ञ ठरले असते. पण शेजाऱ्याच्या नव्याकोऱ्या गाडीच्या पुस्तकात पातळ ०डब्ल्यू-२० लिहिलंय म्हटल्यावर ते म्हणाले, ‘छापणाऱ्याची चूक असेल.’

जावई पातळ पक्षाचा. दिवाळीला त्याने मिठाईऐवजी ५डब्ल्यू-३० सिंथेटिकचा कॅन आणला. उणे तीस अंशांतही इंजिन फिरू देणारं तेल! किहीमात थंडी म्हणजे पहाटे कानटोपी घालायची सबब. काकांनी सासरेपणाची लाज राखून ते घातलं. आठवड्यात गाडीखाली डाग. खरं तर वाळलेल्या सीलांची गळती वर्षानुवर्षांच्या मळाने बुजवलेली होती. नव्या तेलाने मळ धुतला आणि ती उघडी पडली. पण काकांनी डागाखाली वर्तमानपत्र अंथरलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जावयाचं कर्तृत्व दाखवलं.

चोंढीचा मिस्त्री मात्र कुठल्याच पक्षाचा नाही. त्याने ऑइल भरायचं झाकण फिरवलं आणि उलटं करून काकांसमोर धरलं. आतून पिवळट पांढरा साका.

‘काका, गाडी जाते कुठे?’

‘इथे. तुझ्याकडे.’

‘तेच सांगतोय. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही घरी. आत धरलेलं पाणी उडणार कधी? घट्ट टाका, पातळ टाका, किलोमीटर मोजू नका. वर्षाला बदली करा. आणि कधीतरी पेणपर्यंत जाऊन या.’

‘पण घट्टात साका कमी दिसतो,’ काका म्हणाले आणि २०डब्ल्यू-५० चा कॅन उचलला.

परवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरून एक पाहुणा शेजारी आला. गाडी विजेवरची. काकांनी बॉनेट उघडायला लावलं, डिपस्टिक शोधली. ‘काका, हिला इंजिनच नाही,’ पाहुणा हसला. अंगणातले सगळे हसले. काका गाडीभोवती एक फेरी मारून आले.

‘मोटर आहे, तिला गिअरची पेटी असेल. त्यात कुठलं तेल घालता?’

पाहुण्याने गाडीचं पुस्तक काढलं. तेल होतं. काका चष्मा आणायला घरात गेले.