जालगृहस्थ

ठाण्याच्या नौपाड्यापासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांना जे सहनिवास दाटीवाटीने उभे आहेत, त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर गेल्या काही वर्षांत गृहस्थांचा एक असा वर्ग नांदू लागला आहे, की ज्याला शिरगणतीत स्वतंत्र रकाना नसला तरी ज्याच्या घरी एकदा चहा घेतलेला पाहुणा त्याला जन्मभर विसरत नाही. या वर्गास मी जालगृहस्थ म्हणतो. तो बहुधा पंचेचाळिशीचा, बँकेत, विमा कचेरीत किंवा ऐरोलीच्या एखाद्या संगणक-संकुलात नोकरीस असलेला, निर्व्यसनी, मितभाषी, कुळाचार सांभाळणारा आणि सोसायटीचा मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरणारा असा सत्शील पुरुष असतो. त्याच्या वर्तनात शेजाऱ्यांना खटकावे असे काही दिसत नाही. जे असते ते माळ्यावर, देवघराच्या बरोबर वर, एका जाळीदार पेटीत हिरवे-पिवळे दिवे मिचकावत बसलेले असते.

इतर यजमान पाहुण्यास मुलाच्या मुंजीची छायाचित्रे दाखवतात, कोणी केदारनाथची, कोणी नुसताच आपल्या रक्तातील साखरेचा अहवाल. जालगृहस्थ आपल्या घराच्या नेटवर्कचा नकाशा दाखवतो. झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर रंगीत छापून घेतलेला आणि लॅमिनेट केलेला हा नकाशा कालनिर्णयच्या शेजारी टांगलेला असतो, आणि त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दिनांक, आवृत्तीचा अनुक्रम व ‘यापूर्वीचे सर्व नकाशे रद्दबातल समजावेत’ अशी ताकीद असते. सर्वांत वर एक ढग. तो ढग म्हणजे उर्वरित जग. ढगाखाली तांबड्या विटांची भिंत, ती फायरवॉल. भिंतीच्या खाली राउटर, त्याच्या खाली चोवीस छिद्रांचा स्विच, आणि तेथून निळ्या, हिरव्या व जांभळ्या रेषा काटकोनात वळत, परस्परांना न छेदता, घरातील प्रत्येक यंत्रापर्यंत उतरत आलेल्या. हे न छेदणे सोपे नाही. जांभळी रेषा हिरवीवरून जाऊ नये म्हणून एका जालगृहस्थाने दूरदर्शन संच दिवाणखान्याच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे हलवला, आणि त्याची आई तेव्हापासून मान वाकडी करून मालिका पाहते.

नकाशा पाहून पाहुण्याचा असा समज होतो, की यजमानांची कोठे तरी दुसरी वास्तू असावी, किमान वाडा तरी. प्रत्यक्षात घर साडेपाचशे चौरस फुटांचे असते. ज्या केबलमधून हे सारे दळणवळण चालते तिच्यात आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात; एका तारेतील संदेशाची कुजबुज दुसरीच्या कानी पडू नये म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ वेगवेगळा ठेवलेला असतो, आणि अशी केबल सलग शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार काम देते. त्या घरात कोणत्याही कोपऱ्यातून कोणत्याही कोपऱ्यात जावयाचे म्हटले तरी बारा मीटरांहून अधिक मजल होत नाही. तरी लॅमिंग्टन रोडवरून लोकलच्या सामानडब्यातून आणलेली तीनशे पाच मीटरची अख्खी पेटी संपली, ती कशी, हे त्या केसिंग-कॅपिंगच्या पट्ट्यांनाच ठाऊक. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, हा तारांचा क्रम जालगृहस्थ ओठांतल्या ओठांत पुटपुटत असतो, तेव्हा स्तोत्र चालले आहे असे समजून घरातील वडील माणसे मध्ये बोलत नाहीत.

नामकरणाच्या बाबतीत मात्र त्याच्या प्रतिभेस मी मनापासून दाद देतो. पाश्चात्य जालगृहस्थ म्हणे आपल्या यंत्रांना ग्रीक दैवतांची नावे देतात. आमच्याकडे गडकोट आहेत. राउटरला रायगड म्हटले जाते, कारण राजधानी तीच. कुटुंबाची छायाचित्रे, सातबाराचे उतारे आणि आयकराची विवरणपत्रे जेथे दोन-दोन प्रतींत साठवली आहेत ती पेटी राजगड. फायरवॉलला कल्याणचा जालगृहस्थ दुर्गाडी म्हणतो. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आल्यानंतर खाडीवर नजर ठेवण्यास जो उभा राहिला तो किल्ला आपल्या खिडकीतून दिसतो, याचा त्याला रास्त अभिमान आहे. छपाईयंत्राचे नाव जंजिरा. अनेक मोहिमा काढल्या, वेढे घातले, पण ते शेवटपर्यंत हाती आले नाही.

राज्य म्हटले की विभागणी आली. जालगृहस्थ आपल्या मुलखाचे परगणे पाडतो: एक घरच्यांचा, एक कचेरीच्या लॅपटॉपचा, एक कॅमेरे आणि दिवे यांसारख्या ज्या यंत्रांच्या इमानाची खात्री देता येत नाही त्यांचा, आणि एक पाहुण्यांचा. एका परगण्यातील रयतेस दुसऱ्यात पाऊल टाकावयाचे असेल तर नाक्यावर परवाना लागतो. टीव्हीवर त्याचा विशेष संशय. तो रात्री-अपरात्री कोणत्या परमुलखाशी बोलतो याची रोजनिशी ठेवलेली असते. पाहुण्यांच्या परगण्यात शिरण्यासाठी पाण्याच्या माठाशेजारी एक चौकट टांगलेली असते, तिच्यातील ठिपक्यांच्या चौकोनावर फोन धरला की प्रवेश मिळतो, आणि तेथून पाहुण्यास जंजिरा दिसू नये असा पक्का बंदोबस्त केलेला असतो. दुसऱ्याचे छपाईयंत्र पाहण्याच्या उद्देशाने आजवर कोणताही पाहुणा डोंबिवलीस आल्याचे मला ठाऊक नाही. परंतु राज्यकर्त्याने गाफील राहू नये हे खरे.

हा वर्ग नेमका याच भागात का फोफावला, याचा विचार करता मला त्याचे मूळ रूळांत दिसते. बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास पोहोचली, पुढच्याच वर्षी मार्ग कल्याणपर्यंत गेला, आणि तेव्हापासून येथील माणसाचे आयुष्य दुसऱ्याने आखलेल्या वेळापत्रकात चालले आहे. कल्याणला फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे जातो व एक कर्जतकडे, आणि या फाट्यावर कोठेतरी सिग्नल बिघडला की डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या निरपराध मनुष्याचा हजेरीपटावर लाल शेरा पडतो. टेलिफोनच्या बाबतीतही असाच पंक्तिप्रपंच. ठाणे मुंबईच्या ०२२ मध्ये बसले. डोंबिवली आणि कल्याण यांच्या वाट्यास ०२५१ आले. खात्याचा कारभारही निराळा, तिकडे महानगर टेलिफोन निगम तर इकडे भारत संचार निगम. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते मुंबईत आले. खाडीपलीकडच्या माणसाने वर्तमानपत्रातून त्याचे स्वागत केले. गाडी, पाणी, रस्ता, वीज, यांपैकी ज्याच्या हाती काहीच नाही, त्या मनुष्याला आपल्या छपराखाली प्रत्येक वाटेचा उगम आणि अंत ज्ञात असलेला एक प्रदेश असावा असे वाटले, तर त्यास मी तरी हसणार नाही. (म्हणजे त्याच्यासमोर हसणार नाही.) मार्च २०२० मध्ये लोकलच बंद पडली, कचेरी डायनिंग टेबलावर येऊन बसली, मुलाची शाळा शयनगृहात भरू लागली, आणि तोवर जो छंद म्हणून चेष्टेचा विषय होता तो एका रात्रीत घरातील प्रमुख खाते बनला. सत्ता एकदा हाती आली की सोडवत नाही. कचेऱ्या पुन्हा उघडल्या, पण खाते कायम राहिले.

ज्या रेल्वेने त्याला पिडले तिचीच परिभाषा त्याने घरी चालू केली, यातले मर्म त्याच्या लक्षात आलेले नसावे. रविवारी अकरा ते तीन घरात मेगाब्लॉक असतो. तशी सूचना शनिवारी रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर येते: देखभालीच्या कामासाठी सेवा खंडित राहील, प्रवाशांनी, चुकलो, कुटुंबीयांनी सहकार्य करावे. ब्लॉक तीनला संपतो असे सहसा होत नाही. एरवी सेवा बंद पडू नये यासाठी त्याने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या आहेत, एकीस फास्ट म्हणतो, दुसरीस स्लो, आणि एक तुटली की दुसरी अर्ध्या मिनिटात सूत्रे हाती घेईल अशी तजवीज आहे. नकाशात त्या दोन रेषा ढगाच्या दोन भिन्न टोकांतून उतरताना दाखवल्या आहेत. वस्तुतः दोन्ही तारा समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून निघून सोसायटीच्या एकाच नारळाच्या झाडाला वळसा घालून येतात, आणि जूनच्या पहिल्या वादळात ते झाड कोसळले तेव्हा फास्ट आणि स्लो एकत्रच निवर्तल्या. पुढच्या आवृत्तीत नकाशावर नारळ काढण्यात आला.

जाहिराती गाळण्यासाठी त्याने पत्त्यांच्या कॅटाएवढा एक इवलासा संगणक बसवला आहे, आणि घरातील प्रत्येक यंत्राने कोठेही जाण्यापूर्वी त्याला पत्ता विचारावा असा दंडक आहे. हा संगणक रुसला की सारे रस्ते शाबूत असून कोणालाच वाट सापडत नाही. तो रुसतो, तो नेमका रात्री आठच्या मालिकेत.

‘‘अहो, वायफाय गेलं,’’ आतून हाक येते.

‘‘वायफाय कधीच जात नाही,’’ जालगृहस्थ शिडी लावत म्हणतो. ‘‘डीएनएस गेलं असेल.’’

‘‘काय गेलं ते तुम्ही बघा. मला माझं आलेलं हवंय.’’

त्याच्या अंतःकरणातील खरे शल्य मात्र निराळे आहे. घरातल्या घरात वापरावयाचे पत्ते, जे १९२.१६८ ने सुरू होतात, ते १९९६ सालच्या नियमाने कोणालाही खुले आहेत. एकेका परगण्यात असे २५४ पत्ते त्याच्या मर्जीवर असतात. त्याने ते उदारपणे वाटलेही आहेत, मोठ्या मुलीच्या भावी यजमानांसाठी एक राखून ठेवला आहे. परंतु जगाला उघड दिसणारे पत्ते सुमारे ४२९ कोटींच्या पुढे नाहीत, आणि त्यांच्या मध्यवर्ती कोठारातील अखेरचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. केबलवाला म्हणून आठशे उंबऱ्यांना मिळून मूठभर सार्वजनिक पत्ते पुरवून घेतो, आणि रायगडाच्या वाट्यास १००.६४ ने आरंभ होणारा एक सामायिक पत्ता येतो. आत सहस्रावधी चौक्या बांधणाऱ्या या सत्ताधीशाचे बाहेर स्वतःच्या नावाचे एक दारही नाही. यासंबंधी त्याने केबलवाल्याकडे तीन पानी लेखी अर्ज केला, सोबत नकाशाची प्रत जोडली. उत्तरादाखल एकोणीस वर्षांचा एक मुलगा सायकलवरून आला, त्याने माळ्याकडे पाहिले, नकाशाकडे पाहिले, आणि अत्यंत आदराने म्हणाला, ‘‘काका, राउटर एकदा बंद करून चालू करा ना.’’

अशा जालगृहस्थाच्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला. नौपाड्यात काय किंवा डोंबिवली पूर्वेत काय, तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींवर हा प्रसंग हल्ली येतोच, आणि त्या वेळी सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा म्हणजे मनुष्यस्वभावाचे प्रदर्शन असते. कोणाला वाढीव चटई क्षेत्र हवे होते, कोणाला दोन गाड्यांचे पार्किंग, कोणाला कॉर्पस, कोणाला भाडे तीन महिन्यांचे आगाऊ. सेक्रेटरींना पूर्वाभिमुख दार हवे होते आणि खजिनदारांना सेक्रेटरींच्या शेजारी नको होते. जालगृहस्थाने उठून एवढेच मागितले, की प्रत्येक खोलीत दोन रिकाम्या कन्ड्यूट नळ्या भिंतीतून घालाव्यात आणि दाराजवळ अठरा इंच रुंदीचा, वारा खेळता राहील असा एक कोनाडा ठेवावा. इतक्या स्वस्त मागणीची सवय नसल्याने बिल्डर प्रथम घाबरला. यात कायद्याची काही मेख असेल म्हणून त्याने वकिलाकडे पाहिले. वकिलाने मान डोलावताच त्याने मागणी तत्काळ मान्य केली आणि तपशील आर्किटेक्टकडे द्यावेत असे सुचवले. ते तयारच होते. अजून पाया न खणलेल्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरील घराचा संपूर्ण नकाशा जालगृहस्थाने पिशवीतून काढून टेबलावर पसरला.

आर्किटेक्ट तरुण होती, ठाण्याचीच, आणि तिने तो कागद पुष्कळ वेळ मन लावून पाहिला. रेषा होत्या, पत्ते होते, रायगड होता, जंजिराही होता. मग तिने अदबीने विचारले, ‘‘काका, यात भिंती कुठे आहेत?’’

‘‘ही काय,’’ असे म्हणून त्याने तांबड्या विटांवर बोट ठेवले.