आधी घर, मग झाड?

‘झोपडपट्टीतल्या पोरांना आधी घर द्या, संडास द्या, झाडं-पाखरं कसली दाखवता?’ हा सवाल हमखास तेच करतात, ज्यांच्या बाल्कनीसमोर गुलमोहर असतो. धारावीला खेटून, मिठी नदीच्या काठी मुंबईने वर्षानुवर्षे कचरा ओतला, तेव्हा हा प्राधान्यक्रम कुणाला आठवला नाही. त्याच कचराभूमीवर १९८३ साली पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते पहिलं झाड लागलं आणि १९९४ मध्ये ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलं झालं. घरं हवीतच, पण उद्यान नसतं तर तिथे गरिबांचीच घरं उभी राहिली असती, असं नदीपलीकडचं चकाचक कार्यालयांचं वांद्रे-कुर्ला संकुल पाहूनही म्हणायचं? उद्यानात येणाऱ्या वस्तीतल्या पोरांचं करंजाचं पान ओळखून पोट भरत नाही, हेही खरं. मग शहाण्यांनी आपल्या पोरांची महागडी निसर्गशिबिरं आधी रद्द करावीत.